वक्तृत्व स्पर्धेचं भाषण लिहून देऊ नका, मुलीला आधी माळावर न्या

करमाळा तालुक्यातल्या एका वडिलांनी विचारलं आहे: "मुलगी सातवीत आहे. वन्यजीव सप्ताहानिमित्त तालुक्याला वक्तृत्व स्पर्धा आहे. विषय 'निसर्ग संवर्धन, माझी जबाबदारी', वेळ पाच मिनिटं. शाळेतून निरोप आलाय की भाषण घरून लिहून आणा, पाठ आम्ही करून घेऊ. मोबाईलवर तयार भाषणं ढिगानं मिळतात, पण सगळी मुलं तीच घेतात. मी शेती करतो, शिक्षण दहावीपर्यंत. पैसे देऊन कुणाकडून चांगलं भाषण लिहून घेऊ का?"

आधी सरळ उत्तर देते. लिहून देऊ नका आणि पैसे देऊन तर मुळीच लिहून घेऊ नका. या विषयावर तुमच्या मुलीला जे बोलायचं आहे, ते सगळं तुमच्या शेतात, गावच्या गायरानावर आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ आहे. मी शाळेत विज्ञान शिकवलं, सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन माळावर जाते आणि अशा स्पर्धांना परीक्षक म्हणूनही बसते. तेव्हा टेबलाच्या दोन्ही बाजूंनी काय दिसतं ते सांगते.

परीक्षकाच्या कानावर काय पडतं ते आधी ऐका. तीस-पस्तीस मुलं असतात. पहिलं मूल येतं, "सन्माननीय व्यासपीठ, वंदनीय गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" म्हणतं, मग तुकोबांचा वृक्षवल्लीचा अभंग, मग ऑक्सिजनचा सिलिंडर किती रुपयांना मिळतो, मग ओझोनचा थर, ध्रुवावरचा बर्फ, पांढरं अस्वल आणि शेवटी झाडे लावा, झाडे जगवा. दुसरं मूल तेच बोलतं. पाचव्या मुलापर्यंत आम्हाला पुढचं वाक्य आधीच कळायला लागतं. मग गुण द्यायला उरतं काय? आवाज, पाठांतर आणि हातवारे. ज्या शाळेनं जास्त घोटून घेतलं, ती पुढे जाते. यात मुलांचा काही दोष नाही. पण त्या मुलांपैकी किती जणांनी आपल्या गावातला एखादा ओढा मुद्दाम जाऊन पाहिला असेल, हा प्रश्न मला दर वेळी टोचतो.

एक मुलगा मात्र मला नीट आठवतो. उजनीच्या पाण्याकाठच्या गावातला, मासेमारी करणाऱ्या घरातला. त्यानं माईक स्वतःच खाली ओढला आणि म्हणाला, "माझा आज्जा सांगतो, त्याच्या जाळ्यात एवढी मरळ यायची." आणि उजव्या हाताच्या बोटांपासून कोपरापर्यंत डाव्या हातानं माप दाखवलं. "वाम यायची. आता जाळं ओढलं की चिलापी, चिलापी, चिलापी." मग तळहात उघडून दाखवला, म्हणजे चिलापी एवढीशी. "मासा मिळतोय, पण एकच मिळतोय. आई भिगवणच्या बाजारात नेते, तर भाव पडलेला असतो, कारण सगळ्यांच्याच टोपलीत चिलापी." मध्ये तो दोनदा अडखळला. चिलापी आपल्याकडची नाही, आफ्रिकेतून आलेली जात आहे, ती झपाट्यानं वाढते, हे त्यानं शिक्षकांना विचारून घेतलं होतं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी हिरवं का पडतं, पुण्याकडून नदीतून काय वाहत येतं, हेही तो बोलला. पाच मिनिटं भरायच्या आतच संपवून खाली बसला. त्याला दुसरा क्रमांक मिळाला. पहिला एका फार तयारीच्या मुलीला गेला, आणि तो तिचा हक्काचाच होता. पण चहाच्या वेळी वनरक्षक, शिक्षक आणि दोन-तीन पालक त्या मुलाभोवती उभे राहून माशांविषयी विचारत होते. सहावीतलं पोर मोठ्या माणसांना माहिती देत होतं. अशी स्पर्धा भरवायची ती यासाठी.

तेव्हा पहिलं काम विषय लहान करण्याचं. 'निसर्ग संवर्धन' हा डोंगराएवढा विषय पाच मिनिटांत मावत नाही. मुलीला एवढंच विचारा: आपल्या शिवारात असा कोणता प्राणी, पक्षी, मासा, गवत किंवा झाड आहे, जे आजीच्या लहानपणी होतं आणि आता दिसत नाही? किंवा आधी नव्हतं आणि आता सगळीकडे झालंय? उत्तर तिला येणार नाही, कदाचित तुम्हालाही पटकन येणार नाही. मग आजीला विचारावं लागेल, मेंढरं घेऊन हिंडणाऱ्या माणसाला विचारावं लागेल. तयारी सुरू होते ती इथून.

तुमचा तालुका या बाबतीत भाग्यवान आहे. एका बाजूला उजनीचं पाणी. हिवाळ्यात तिथे रोहित, म्हणजे ज्याला आपण अग्निपंख म्हणतो तो पक्षी, थव्यानं उतरतो. दुसऱ्या बाजूला माळ. मला विचाराल तर मी माळच निवडीन, कारण त्यावर कुणीच बोलत नाही. सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत पसरलेलं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं. नान्नज हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं ठिकाण. माळढोक झाडावर घरटं करत नाही. मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालते. म्हणजे माळ नांगरला, जनावरांचे कळप त्यावरून गेले किंवा मोकाट कुत्री वाढली, की त्या वर्षीची वीण गेली. हा पक्षी वजनानं भारी आणि त्याला अगदी समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे विजेच्या तारांवर आदळून मरतो. आज तो मुख्यतः राजस्थानात उरला आहे आणि देशभरात मोकळ्या रानात त्याची संख्या दीडशेच्या आसपासच मानली जाते.

तुमच्या मुलीनं माळढोक पाहिलेला नसणार. पण आजोबांनी पाहिला असेल तर "आजोबांनी पाहिला, मी पाहिला नाही" एवढं एक वाक्य तिनं व्यासपीठावरून शांतपणे म्हणावं. ते तिच्या घरातलं खरं वाक्य आहे आणि विकतच्या भाषणात ते सापडायचं नाही.

माळावर जायचं कधी? सप्टेंबरच्या शेवटी, सकाळी सातच्या आत. ऊन चढलं की सगळं गप्प होतं. मुलीच्या हातात वही आणि पेन्सिल द्या, मोबाईल तुमच्या खिशात राहू द्या. तिनं तासभर एकाच जागी बसावं आणि दिसेल ते, ऐकू येईल ते लिहावं. नाव माहीत नसेल तर वर्णन लिहावं: "उडत उडत सरळ वर गेला, वर थांबून गात राहिला, मग दगडासारखा खाली आला." नाव नंतर कुणीही सांगेल, तो चंडोल. याच सुमाराला भोवत्या नावाचे शिकारी पक्षी मध्य आशियातून आपल्या माळांवर यायला लागतात. ते गवतावरून अगदी खालून, पंख थोडे वर धरून तरंगत जातात आणि नाकतोडे टिपतात. नाकतोडे ज्वारीचं काय करतात, ते मी शेतकऱ्याला सांगायला नको. परदेशातून आलेला पाहुणा तुमच्या पिकाची राखण करतो, ही गोष्ट मुलीला स्वतःच्या डोळ्यांनी दिसली तर ती पाठ करावी लागत नाही.

गवतंही बघा. पवन्या, मारवेल, कुसळी ही नावं तुम्हाला येतात, तिला येत नसतील. ती शिकवण्याचं काम तुमचं, त्याला दहावीच्या पुढचं शिक्षण लागत नाही.

आता एक नाजूक मुद्दा. प्रत्येक भाषण 'झाडे लावा'वर संपतं. पण माळावर झाडं लावणं हे माळाचं संवर्धन नाही. माळ म्हणजे उजाड जमीन नव्हे, ते गवताचं रान आहे. सरकारी कागदावर ते बऱ्याचदा 'पडीक' म्हणून नोंदलेलं असतं, म्हणून खड्डे खणून गिरिपुष्प, निलगिरी लावायचा उत्साह येतो. सावली पडली की गवत मागे हटतं. गवत गेलं की जमिनीवर अंडी घालणारे पक्षी जातात, मेंढरांचा चारा जातो. गवताची मुळं माती धरून ठेवतात आणि कार्बनही जमिनीत साठवतात, त्यामुळे गवत काढून झाड लावलं की फायदाच झाला असं नसतं. झाडं जरूर लावावीत, पण ओढ्याकाठी, शाळेभोवती, रस्त्याकडेला आणि बांधावर. तीही आपली: लिंब, करंज, बोर, हिवर, बाभूळ, वड. मुलगी हे बोलली तर ऐकणाऱ्यांपैकी एखाद्याला खटकेल. खटकू द्या. फक्त "का?" असं कुणी विचारलं तर तिला कारण सांगता आलं पाहिजे.

दुसरी नाजूक गोष्ट लांडग्याची. लांडगा आपल्याकडे कायद्यानं पूर्ण संरक्षित आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा, आणि त्याच्या पहिल्या परिशिष्टात लांडग्याचं नाव आहे. पण ज्या धनगराचं कोकरू रात्री वाड्यातून गेलं, त्याला हे सांगून काय उपयोग? लांडग्यानं जनावर मारलं तर वनविभाग नुकसानभरपाई देतो. त्यासाठी वेळेवर कळवावं लागतं, पंचनामा व्हावा लागतो, आणि पालावर राहणाऱ्या माणसाला हे सगळं जमतंच असं नाही. मुलीनं एखाद्या मेंढपाळाशी बोलून ही अडचण मांडली तर तिचं भाषण खऱ्या अर्थानं संवर्धनाचं होईल. प्राणी वाचवायचा तर त्याच्या शेजारी राहणाऱ्याचं नुकसान कुणी सोसायचं, या प्रश्नापाशी मोठी मोठी माणसं अडलेली आहेत. सातवीतली मुलगी उत्तर देणार नाही, पण प्रश्न नीट विचारू शकते. शेतात हरणं, रानडुकरं येऊन तुमचंही पीक जात असेल तर तेही तिनं बोलावं. निसर्गाच्या स्पर्धेत असं बोललेलं चालेल का, ही भीती बाळगू नका. मी तरी अशा मुलाला जास्तच गुण देते.

माहिती मिळवायला आणखी एक जागा आहे. जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही तयार केलेली असते. मुलीला घेऊन ग्रामपंचायतीत जा आणि ती वही बघायला मागा. नीट केलेली असेल तर तीत गावातली झाडं, गवतं, मासे, औषधी वनस्पती सापडतील. नीट केलेली नसेल, तर आजीनं सांगितलेली आणि वहीत नसलेली नावं हाच भाषणाचा विषय होईल.

तयार भाषणांतून काही गोष्टी घ्यायच्याच झाल्या तर तपासून घ्या. पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो असं जवळपास प्रत्येक भाषणात असतं. झाड ऑक्सिजन तयार करतं ते उजेडात. अंधारात तेही आपल्यासारखा श्वासच घेतं. मधमाशा संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल, हे वाक्य आइनस्टाइनच्या नावावर खपवतात. ते त्यांचं असल्याचा कुठलाच पुरावा नाही. आंबा, फणस ही रयतेची झाडं तिच्या राजीखुशीशिवाय तोडू नयेत, हा मजकूर आज्ञापत्रातला आहे. आज्ञापत्र रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलं, शिवरायांच्या निधनानंतर कितीतरी वर्षांनी. त्यात शिवकाळाचं धोरण उतरलं आहे असं म्हणावं, महाराजांनी स्वतः लिहिलं असं म्हणू नये. चुकीचं वाक्य मुलीच्या तोंडी आलं की जाणकार परीक्षक तिथेच थांबतो, आणि बिचारीला कळतही नाही की गुण कुठे गेले.

आता भाषण लिहायचं कसं. आधी लिहायचंच नाही. माळावरून आल्यावर संध्याकाळी तिला म्हणा, "काय काय बघितलंस ते आजीला सांग." ती सांगत असताना मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा सांगायला लावा, या वेळी ऐकणारा दुसरा कुणी हवा, शेजारची काकू किंवा मामा. प्रत्येक वेळी ती काही गाळेल, काही नवीन घालेल. जे प्रत्येक वेळी आलं, ते भाषणात ठेवायचं. मग ती रेकॉर्डिंग ऐकून तिनं स्वतःच्या हातानं लिहून काढावं. पाच मिनिटांना साडेचारशे ते पाचशे शब्द पुरतात. सहाशे-सातशे शब्द पाठ केलेली मुलं शेवटच्या मिनिटाला आगगाडी सोडतात आणि घंटा वाजली की रडकुंडीला येतात.

भाषेबद्दल पालक फार घाबरतात. घरात "तकडं", "हितं" बोलणारी मुलगी स्टेजवर "तिथे", "इथे" म्हणेल, तेवढं पुरे आहे. उच्चार स्पष्ट हवेत, पण "वसुंधरेचा शृंगार", "मानवाची राक्षसी हाव" असले शब्द तिच्या तोंडी घालू नका. आजीचं किंवा मेंढपाळाचं वाक्य सांगताना मात्र ते त्यांच्याच बोलीत, जसंच्या तसं येऊ द्या. त्यानं भाषण जिवंत होतं, आणि कुठलाही समजदार परीक्षक त्याचे गुण कापत नाही.

सुरुवातीचं "सन्माननीय व्यासपीठ" हवंच असेल तर एका वाक्यात आटपा आणि थेट विषयावर या: "आमच्या घरापासून अर्ध्या तासावर एक माळ आहे." शेवटी सगळ्या जगाला उपदेश नको. एकच मागणी करावी, समोर बसलेल्या माणसांना करता येईल अशी. उदाहरणार्थ, उन्हाळ्यात बांध आणि माळ पेटवू नका. पेटलेल्या बांधात घोरपडी, ससे, साप, पक्ष्यांची अंडी जळतात, हे तुम्ही स्वतः पाहिलं असेल. किंवा कठडा नसलेल्या विहिरीला कठडा घाला, कारण रात्री खोकड, कोल्हे त्यात पडतात. ही मागणी करण्याआधी तुमच्या स्वतःच्या बांधाचं आणि विहिरीचं काय, हे घरात बोलून घ्या. "आमच्या घरानं यंदा बांध पेटवला नाही" असं मुलगी खरेपणानं म्हणू शकली, तर 'माझी जबाबदारी' हे विषयातले शब्द तिला समजावून सांगावे लागणार नाहीत.

पाठांतराचं म्हणाल, तर वाक्यं पाठ करायची नाहीत, क्रम पाठ करायचा. माळ, आजोबांचा माळढोक, भोवत्या, मेंढपाळाचं कोकरू, बांधाची मागणी. पाच खुणा बोटांवर मोजता येतात. मध्येच विसरली तर पुढच्या बोटावर जायचं, माफी मागायची नाही, "सॉरी" म्हणायचं नाही. हातवारे शिकवू नका. सांगण्यासारखं काही असलं की हात आपोआप हलतात. माईकसमोर कसं उभं राहायचं ते मात्र एकदा दाखवा: तोंडापासून वीतभर अंतर, उंची आधी जुळवायची, मग बोलायचं. स्पर्धेच्या दिवशी पोटभर नाश्ता आणि वेळेवर एसटी, बाकी तयारी आदल्या रात्रीपर्यंत झालेली असावी.

शाळेचा प्रश्न राहिला. सरांशी वाद घालू नका. त्यांच्यावर सतरा कामं असतात, आणि निकालात शाळेचं नाव यावं असं त्यांना वाटणारच. मुलीनं लिहिलेलं भाषण घेऊन जा आणि विनंती करा की उच्चार, वेळ आणि माहितीतल्या चुका तेवढ्या बघा, वाक्यं बदलू नका. शक्य असेल तर एका शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनाही वर्गासकट माळावर बोलवा. बहुतेक शिक्षक आनंदानं येतात. त्यांना कुणी बोलवलेलंच नसतं.

आयोजकांपर्यंत तुमचा शब्द पोहोचत असेल, तर दोन गोष्टी माझ्या वतीनं सांगा. विषय गावाच्या पातळीवर आणा: 'आमच्या गावचा ओढा', 'आमच्या शिवारातला एक पक्षी', 'आजीनं पाहिलेलं आणि मी न पाहिलेलं'. असे विषय दिले की तयार भाषणं आपोआप निरुपयोगी होतात आणि लहान शाळेतलं मूल मोठ्या शाळेच्या बरोबरीनं उभं राहतं. दुसरं, भाषणानंतर प्रत्येक मुलाला परीक्षकांनी एक प्रश्न विचारावा, अगदी साधा: "तू हे कुठं पाहिलंस?" त्याचेही थोडे गुण ठेवावेत. मी बसते तिथे हा आग्रह धरते. पहिल्या वर्षी मुलं गोंधळतात, पण दुसऱ्या वर्षापासून शाळा मुलांना बाहेर नेऊन दाखवायला लागतात.

तुमच्या मुलीची त्या प्रश्नाची तयारी वेगळी करून घेऊ नका. स्पर्धेला जाताना ती वही तेवढी तिच्या दप्तरात असू द्या. कुणी विचारलंच, तर तारीख, वेळ आणि जागा तीत लिहिलेली आहे.